सीवर्ल्ड : पैदास थांबवली, पण टाकी तीच राहिली. आता पुढे काय?

खाडीपल्याड

नमस्कार मंडळी,

कॅलिफोर्नियाच्या सहलीच्या धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतं की सॅन दिएगोला गेल्यावर सीवर्ल्डला, म्हणजे तिथल्या सागरी प्राण्यांच्या उद्यानाला, जावं का. तिथे उत्तर लिहायला बसले आणि ते वाढतच गेलं. सहलीच्या धाग्यात अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढते आहे.

मी या शहरात तेरा वर्षं राहते आहे. मुलगी लहान होती तेव्हापासून आमच्याकडे वार्षिक पास आहे. ऑर्कांच्या (किलर व्हेलच्या) टाकीला खाली एक काच आहे, तिथे आम्ही सकाळी लवकर जाऊन उभ्या राहतो. कॉर्की नावाची मादी बहुतेक वेळा तिथूनच जाते. आधी पाण्यात नुसती सावली दिसते, मग डोळ्यामागचा तो लांबट पांढरा पट्टा, मग एवढं मोठं अंग काचेला जवळजवळ घासत पुढे सरकतं. ती वर गेली की श्वास सोडल्याचा आवाज येतो, प्रेशर कुकरची शिट्टी एकदम सुटावी तसा. माझी लेक प्रत्येक वेळी दचकते.

ही कॉर्की ११ डिसेंबर १९६९ ला कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात पेंडर हार्बरला पकडली गेली. म्हणजे माणूस चंद्रावर उतरला त्याच वर्षी. तेव्हापासून ती टाकीत आहे. जगात कैदेत इतकी वर्षं काढलेला दुसरा ऑर्का नाही. सात वेळा गाभण राहिली, एकही पिल्लू दोन महिनेसुद्धा जगलं नाही.

ती सीवर्ल्डकडे कशी आली तेही सांगते, कारण धाग्याचा विषय व्यवस्थापनाचे निर्णय हाच आहे. लॉस एंजलिसजवळ 'मरीनलँड ऑफ द पॅसिफिक' नावाचं जुनं उद्यान होतं, कॉर्की तिथे होती. सीवर्ल्ड तेव्हा हारकोर्ट ब्रेस जोव्हानोविच या पुस्तक प्रकाशन कंपनीच्या मालकीचं होतं. (हो, शाळेची पाठ्यपुस्तकं छापणारी कंपनी.) त्यांनी १९८६ च्या अखेरीस मरीनलँड विकत घेतलं, जानेवारी १९८७ मध्ये तिथले दोन ऑर्का सॅन दिएगोला हलवले आणि लगेच ते उद्यान बंद करून टाकलं. कॉर्कीचा जोडीदार ऑर्की पुढच्याच वर्षी गेला.

मला जे म्हणायचं आहे ते हे. २०१६ मध्ये सीवर्ल्डने ऑर्कांची पैदास थांबवली. हा निर्णय बरोबर होता आणि मी तेव्हाही त्याचं स्वागत केलं होतं. पण त्या घोषणेसोबत दुसरी एक गोष्ट गुपचूप बाजूला पडली, आणि तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

ऑगस्ट २०१४ मध्ये कंपनीने 'ब्लू वर्ल्ड' नावाची योजना जाहीर केली होती. सॅन दिएगोतल्या ऑर्कांच्या टाकीत ५६ लाख गॅलन पाणी आहे, म्हणजे साधारण २ कोटी १० लाख लिटर. ते १ कोटी गॅलनवर न्यायचं, खोली ५० फूट करायची, २०१८ पर्यंत पूर्ण करायचं. खर्च १० कोटी डॉलर. किनाऱ्यावर काहीही बांधायचं तर इथे कोस्टल कमिशनची परवानगी लागते. ऑक्टोबर २०१५ मध्ये कमिशनने परवानगी दिली, पण अट घातली की इथे पैदास करायची नाही. कंपनी चिडली आणि डिसेंबरमध्ये कोर्टात गेली. मग १७ मार्च २०१६ ला अचानक जाहीर केलं की आम्ही स्वतःच सगळीकडे पैदास थांबवतो. अर्थात ज्या अटीसाठी भांडण होतं ती अट मान्य झाली. मग टाकी? टाकीची योजना रद्द.

तेव्हा सॅन दिएगोत ११ ऑर्का होते, आता ८ आहेत. ते त्याच जुन्या पाण्यात आहेत.

पुढच्या तीस-चाळीस वर्षांत या शेवटच्या पिढीचं काय करायचं, याचा लेखी, तारखा-आकड्यांचा आराखडा कंपनीने लोकांपुढे ठेवायला हवा, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं? ज्यांना या विषयातलं कळतं त्यांनी जरूर लिहा.

आकडेमोड

धागा आवडला. मी या कंपनीचे ताळेबंद बरीच वर्षं वाचतो आहे, तेवढ्यापुरतं लिहितो.

मालक किती बदलले ते पाहा. १९६४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चार माजी विद्यार्थ्यांनी मिशन बेला हे उद्यान काढलं. १९७६ ला ते प्रकाशकांकडे गेलं. १९८९ ला बडवायझर बिअर बनवणाऱ्या अॅनहायझर-बुशकडे. २००८ मध्ये ती बिअर कंपनीच इनबेव्हने गिळली, आणि कर्ज फेडायला २००९ मध्ये उद्यानं ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीला विकली, सुमारे २३० कोटी डॉलरला. ब्लॅकस्टोनने एप्रिल २०१३ मध्ये २७ डॉलर भावाने शेअर बाजारात आणली. आज सर्वात मोठा हिस्सा हिल पाथ कॅपिटल या गुंतवणूक संस्थेकडे आहे आणि तिचे स्कॉट रॉस अध्यक्ष आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये मूळ कंपनीचं नावही बदलून 'युनायटेड पार्क्स अँड रिसॉर्ट्स' केलं. उद्यानांवर पाटी सीवर्ल्डचीच आहे.

प्रत्येक मालकाचं गणित पाच-सात वर्षांचं. ऑर्काचं आयुष्य पन्नास-साठ वर्षांचं, मादी तर ऐंशीपर्यंतही जाते. ही दोन गणितं जुळत नाहीत आणि मुळातला पेच इथेच आहे.

आता आकडे. २०१३ मध्ये सगळ्या उद्यानांत मिळून २ कोटी ३४ लाख लोक आले, उत्पन्न साधारण १४६ कोटी डॉलर. २०२४ मध्ये लोक आले २ कोटी १५ लाख, उत्पन्न १७२ कोटींवर. माणसं घटली, पैसा वाढला. डोई ६२ डॉलर मिळत होते ते ८० झाले. तिकीट, पार्किंग, खाणं, रांगेशिवाय आत सोडणारे पास, सगळ्यातून. व्यवस्थापनाने धंदा सावरला हे मान्य करायला हवं.

पण सावरलेला पैसा गेला कुठे? मार्च २०२४ मध्ये भागधारकांनी ५० कोटी डॉलरच्या शेअर पुनर्खरेदीला मंजुरी दिली. ब्लू वर्ल्डचा खर्च १० कोटी होता. २०२२ मध्ये सीडर फेअर ही दुसरी उद्यान कंपनी विकत घ्यायला हे ३४० कोटींची बोली लावायला निघाले होते, समोरच्यांनी नकार दिला. म्हणजे पैसे नाहीत म्हणून टाकी झाली नाही, असं म्हणायला जागा नाही. ताईंच्या मुद्द्याला म्हणून माझा पाठिंबा.

सानिकाची_आई

आम्ही फ्लोरिडात ऑरलँडोच्या सीवर्ल्डला गेलो होतो, मुलीला पाचवं लागलं होतं तेव्हा. तिने पहिल्यांदा मॅनाटी (समुद्रगाय) पाहिली तिथेच. बोटीच्या पंख्याने पाठीवर पडलेले वण मोजत बसली होती, सात भरले. आज ती सागरी जीवशास्त्र शिकते आहे. त्यामुळे मला या उद्यानांबद्दल सरसकट वाईट ऐकवत नाही. २०२१ मध्ये फ्लोरिडात समुद्रगवत संपून हजाराच्या वर मॅनाटी मेल्या. त्या वर्षी अर्धमेल्या मॅनाटी घेऊन जायला जागा होत्या त्या अशाच मोजक्या ठिकाणी. उद्यानाचा गेट बंद झाला तर हे दवाखाने कोण चालवणार?

खाडीपल्याड

सानिकाची आई, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं आणि मी उद्यान बंद करा म्हणत नाहीये. बचावकार्याची बाजू मी जवळून पाहिली आहे. २०१५ च्या हिवाळ्यात इथे सी लायनची उपाशी पिल्लं शेकड्यांनी किनाऱ्यावर येत होती. बरगड्या दिसायच्या, कातडी सैल होऊन लोंबायची. आमच्या गल्लीच्या टोकाला समुद्र आहे, तिथे एक पिल्लू सकाळी गाडीखाली जाऊन बसलं होतं. त्या वेळी सीवर्ल्डने सी लायनचा शो काही आठवडे बंद ठेवला आणि त्या शोची माणसं पिल्लांना नळीने पाजायला लावली. तिकीट काढून आलेल्या लोकांना सांगितलं की शो नाही. हाही व्यवस्थापनाचाच निर्णय, आणि चांगला निर्णय.

त्याच्याही आधी, १९९७ मध्ये करड्या देवमाशाचं एक आठवड्याचं पिल्लू लॉस एंजलिसच्या किनाऱ्यावर सापडलं होतं, पाऊण टनाचं. त्याला इथे चौदा महिने वाढवून साडेआठ टनांचं झाल्यावर मार्च १९९८ मध्ये समुद्रात सोडलं. 'जेजे'ची गोष्ट इथल्या जुन्या लोकांना अजून पाठ आहे.

माझं म्हणणं एवढंच की बचावाचं काम हे ऑर्कांच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून पुढे करू नये. दोन्ही वेगळे हिशेब आहेत.

आकडेमोड

+१. कंपनी स्वतः चाळीस हजारांवर प्राणी वाचवल्याचं सांगते. २०१६ च्या करारात ह्यूमेन सोसायटी या प्राणिहक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेसोबत ५ वर्षांत ५ कोटी डॉलर बचाव आणि जनजागृतीवर खर्च करायचं कबूल केलं होतं. तो आकडा आणि वर तारीख, दोन्ही होतं. ताई मागतायत तो आराखडा असाच असायला हवा.

गोठ्यातला_डॉक्टर

मी गुरांचा डॉक्टर आहे, सांगली जिल्ह्यात प्रॅक्टिस. समुद्री प्राण्यांवर कधी हात ठेवलेला नाही, पण बांधून ठेवलेलं मोठं जनावर कसं आजारी पडतं ते तीस वर्षं पाहतो आहे, म्हणून लिहितो.

दावणीला कायम बांधलेली म्हैस आधी दाताने आणि खुराने बोलते. करायला काही नसलं की गव्हाणीची कड चावते, दात झिजतात. ऑर्कांचंही तेच. काँक्रीटच्या कडा आणि लोखंडी गेट चावून दात झिजतात, मग डॉक्टरांना दात पोखरून रोज धुवावे लागतात. या टाक्यांतल्या ऑर्कांच्या दातांचा शास्त्रीय अभ्यास झाला आहे, त्यात तपासलेल्या प्रत्येकाच्या दातांना कमीजास्त इजा होती.

ऑर्का हा डॉल्फिनांच्याच कुळातला सर्वात मोठा प्राणी. आपण मराठीत देवमासा म्हणतो, ते चालतंय. रानातला ऑर्का दिवसात शंभर किलोमीटर सहज कापतो आणि शंभर मीटरखाली बुडी मारतो. टाकीची खोली दहा-अकरा मीटर. ब्लू वर्ल्डमध्ये ती पंधरा मीटर झाली असती. फरक थोडाच वाटेल. पण माझा अनुभव असा की मुक्त गोठा केला, नुसतं चार पावलं फिरायला आणि दुसरीपासून लांब जाऊन उभं राहायला मिळालं, तरी जनावर बदलतं. भांडणं कमी होतात. कळपात दुबळ्या जनावराला पळायला जागा लागते. टाकीत ती नसते.

"सोडून द्या समुद्रात" म्हणणाऱ्यांनी केइकोचं उदाहरण वाचावं. १९७९ मध्ये आइसलँडजवळ पकडलेला, मेक्सिकोतल्या उद्यानात वर्षानुवर्षं राहिलेला. त्याला १९९६ ला ऑरेगॉनला, १९९८ ला आइसलँडला नेला, शिकवला, २००२ मध्ये तो मोकळ्या समुद्रात गेला. नॉर्वेच्या एका खाडीत जाऊन माणसांपाशीच थांबला आणि डिसेंबर २००३ मध्ये न्यूमोनियाने गेला. त्यावर अफाट खर्च झाला. आणि टाकीत जन्मलेल्याला तर समुद्र काय हेच माहीत नाही. ते सोडले तर मरतील.

राहिला मधला रस्ता : खाडीचा एक भाग जाळीने बंद करून तिथे ठेवायचं, खायला माणसानेच घालायचं. कॅनडात नोव्हा स्कॉशियाच्या पोर्ट हिलफर्डला तशा अभयारण्याचं काम चालू आहे. आइसलँडमध्ये २०१९ मध्ये शांघायहून दोन बेलुगा (पांढरे देवमासे) अशाच खाडीसाठी नेले. तिथेही अडचणी भरपूर आल्या, सगळं सुरळीत झालेलं नाही. तरी दिशा बरोबर आहे असं मला वाटतं.

खाडीपल्याड

डॉक्टरसाहेब, फार उपयोगी प्रतिसाद. दावणीची तुलना लेकीला वाचून दाखवली.

कॉर्कीच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. तिचं कुळ कुठलं ते माहीत आहे. ब्रिटिश कोलंबियातल्या ऑर्कांची नोंद कुटुंबवार ठेवली जाते आणि ती ज्या ए-५ कळपातली, त्याच्या पुढच्या पिढ्या आजही त्याच पाण्यात दिसतात. पॉल स्पाँग नावाचे शास्त्रज्ञ कित्येक दशकं तिला परत न्या म्हणून मागे लागले. कंपनीचं उत्तर कायम एकच, की या वयात प्रवास धोक्याचा. आज ती साठीच्या आसपास आहे, आज ते उत्तर खरंही असेल. पण तिसाव्या वर्षीही हेच उत्तर होतं.

विदर्भातला_वाघ्या

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये. कंपनी ही कंपनी आहे. कायद्याने जे बंधन आहे ते पाळते, भागधारकांना पैसा मिळवून देते. ज्यांना नको त्यांनी तिकीट काढू नये. मोठी टाकी बांधली असती तरी "एवढी मोठी टाकी म्हणजे अजून पन्नास वर्षं ठेवायचा बेत" म्हणून याच लोकांनी मोर्चे काढले असते. तेव्हा काढलेही होते. मग कंपनीने १० कोटी का घालावेत?

आकडेमोड

वाघ्यादादा, मोर्च्यांचा मुद्दा खरा आहे, कोस्टल कमिशनच्या सुनावणीला विरोधकांची मोठी गर्दी होती. पण "कायद्याने बंधन आहे ते पाळते" हे इतिहासाला धरून नाही. बंधन आल्यावरच पाळते, हे जास्त खरं.

२४ फेब्रुवारी २०१० ला ऑरलँडोत तिलिकम या नराने प्रशिक्षिका डॉन ब्रँशो यांना पाण्यात ओढून मारलं. याच तिलिकमच्या टाकीत १९९१ मध्ये कॅनडात एका तरुण प्रशिक्षिकेचा जीव गेला होता, हे कंपनीला त्याला विकत घेताना माहीत होतं. कामगार सुरक्षा खात्याने ७५ हजार डॉलर दंड केला. कंपनीने दंड भरून विषय संपवला नाही, चार वर्षं कोर्टात लढली. दंड कमी होऊन १२ हजारांवर आला, पण एप्रिल २०१४ मध्ये अपील कोर्टात ती हरली आणि शोमध्ये प्रशिक्षकांनी ऑर्कांसोबत पाण्यात उतरणं कायमचं गेलं. तीन न्यायाधीशांत विरोधी मत होतं ब्रेट कॅव्हना यांचं, जे पुढे सुप्रीम कोर्टात गेले.

मग २०१३ मध्ये तिलिकमवरचा 'ब्लॅकफिश' हा माहितीपट आला. कंपनी म्हणत राहिली की गर्दीवर काही परिणाम नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये कबूल करावं लागलं आणि शेअर एका दिवसात तेहेतीस टक्के पडला. ब्लू वर्ल्डची घोषणा त्याच आठवड्यातली आहे, हेही लक्षात घ्या. गुंतवणूकदारांची दिशाभूल केली म्हणून २०१८ मध्ये शेअर बाजार नियामकाने कंपनी आणि माजी मुख्याधिकारी जिम अॅचिसन यांच्याकडून मिळून ५० लाख डॉलरच्या वर वसूल केले. गुंतवणूकदारांच्या दाव्यात पुढे साडेसहा कोटी डॉलर वेगळे गेले.

म्हणजे टाळाटाळीचाच खर्च जवळपास सात कोटी. दहा कोटींची टाकी महाग होती का, हे आता ठरवा.

विदर्भातला_वाघ्या

हा हिशेब माहीत नव्हता. मुद्दा मान्य. तरीही टाकीपेक्षा डॉक्टरसाहेब म्हणतात त्या खाडीवर तो पैसा घालावा असं मला वाटतं.

मुसाफिर_अबुधाबी

इथल्या, अबुधाबीच्या सीवर्ल्डबद्दल लिहितो, म्हणजे पुढची दिशा कळेल. यास बेटावर २३ मे २०२३ ला उघडलं. मिराल या इथल्या कंपनीने बांधलं आणि तीच चालवते, सीवर्ल्डने नाव आणि ज्ञान दिलं. म्हणजे भांडवल दुसऱ्याचं. सगळं छताखाली, पाच मजले, बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना आत स्वेटर घालून पेंग्विन बघायचे. मुख्य टाकीत अडीच कोटी लिटर पाणी.

ताईंनी सॅन दिएगोच्या ऑर्कांच्या टाकीचा आकडा दिला तो २ कोटी १० लाख लिटर. म्हणजे इथे शार्क आणि माशांना त्यांच्यापेक्षा जास्त पाणी आहे! ऑर्का इथे नाहीतच, २०१६ मध्ये प्रकल्प जाहीर केला तेव्हाच सांगितलं होतं की ऑर्का नसलेलं हे पहिलं सीवर्ल्ड. डॉल्फिन मात्र आहेत. गर्दी कमी झालेली मला तरी दिसली नाही. आमचे इथले मराठी मंडळवाले दर सुट्टीत पाहुणे घेऊन जातात आणि "किलर व्हेल का नाही" असं एकानेही विचारलेलं ऐकलं नाही.

खाडीपल्याड

हे फार मोलाचं. ऑर्काशिवाय सीवर्ल्ड चालतं याचा पुरावाच झाला. अमेरिकेतल्या उद्यानांत व्यवस्थापनाने त्याचं उत्तर रोलर कोस्टरमध्ये शोधलं. ऑरलँडोत २०१६ ला माको, २०२२ ला आइसब्रेकर, २०२३ ला पाइपलाइन, २०२४ ला पेंग्विन ट्रेक. आमच्याकडे २०१८ ला इलेक्ट्रिक ईल, २०२२ ला एम्परर, २०२३ ला आर्क्टिक रेस्क्यू. जवळपास दर वर्षी एक. एम्परर १५३ फूट उंच आहे, फ्रीवेवरून दिसतो. इथे किनाऱ्यालगत ३० फुटांच्या वर बांधायला १९७२ पासून बंदी आहे, सीवर्ल्डसाठी १९९८ मध्ये शहराने मतदान घेऊन सूट दिली.

हे कोणी केलं म्हणायचं, तर २०१५ ते २०२१ या सहा वर्षांत पाच जण मुख्याधिकाऱ्याच्या खुर्चीवर बसले. जोएल मॅनबी यांनी पैदास थांबवली आणि ते २०१८ मध्ये गेले. त्यांच्यानंतर जॉन रायली हंगामी, मग गस अँटोर्चा सात महिने, सर्ज रिव्हेरा पाच महिने, मग मार्क स्वॉन्सन. ज्यांनी शब्द दिला तो माणूस गेला की शब्दाला कोण बांधील? म्हणून कागद हवा.

आणि कागद मागण्याचा हक्क आम्हाला शहरवासी म्हणून आहे, हे इथल्याही पुष्कळांना माहीत नाही. सॅन दिएगोची जमीन कंपनीची नाही, महापालिकेची आहे, जवळपास १९० एकर. भाडेकरार २०४८ पर्यंत आहे. २०२३ मध्ये पालिकेने कोविडकाळातल्या थकलेल्या भाड्यासाठी दावा लावला होता आणि पुढच्या वर्षी ८५ लाख डॉलरवर तडजोड झाली. भाड्यासाठी पालिका कोर्टात जाऊ शकते, तर जनावरांच्या आराखड्याची मागणीही करू शकते. आमच्याकडचा सर्वात लहान ऑर्का मकानी २०१३ चा आहे, करार संपेल तेव्हा पस्तिशीचा असेल. तेव्हा त्याला कुठे ठेवणार हे आज लिहून घ्यायला हवं.

गोठ्यातला_डॉक्टर

ताई, फ्रान्सचं उदाहरण पालिकेपुढे ठेवा. २०२१ मध्ये कायदा झाला, डिसेंबर २०२६ पासून देवमासे-डॉल्फिनांचे शो बंद. आंतिबचं मरीनलँड ५ जानेवारी २०२५ ला गेट लावून मोकळं झालं. ऑर्का मायलेक, विकी आणि कैजो, मागेच राहिले. प्रेक्षक नाहीत, उत्पन्न नाही, जायला ठिकाण नाही. कॅनडात ओंटॅरिओच्या मरीनलँडमध्ये असेच तीस बेलुगा अडकले. चीनला पाठवायची परवानगी केंद्रीय मंत्र्यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये नाकारली. कायदा आधी, सोय नंतर, असं झालं की भोगतं जनावर.

देवबागकर

धागा सकाळपासून वाचतोय. तुम्ही अमेरिकेचं लिहिताय आणि मला आमचं तोंडवळी आठवतंय.

इथल्या नव्या मुलांना कदाचित माहीत नसेल. मालवण तालुक्यात तोंडवळी-वायंगणीला एमटीडीसीचा 'सी वर्ल्ड' प्रकल्प येणार होता. आधी १३९० एकर जमीन घ्यायची म्हणत होते, गावं विरोधात उठली, मग ३५० एकरांवर आले. माझी मावशी तोंडवळीची. घरामागे माड, पुढे वाळू आणि समुद्र, एवढीच तिची इस्टेट. ग्रामसभेला ती कधी गेली नव्हती, त्या वर्षी प्रत्येक सभेला गेली. तालुक्यात दोन तट पडले. रोजगार येईल म्हणणारेही आमचेच, जमीन देणार नाही म्हणणारेही आमचेच. लग्नकार्यात एकमेकांकडे जाणं बंद झालं होतं काही घरांत. प्रकल्प आजपर्यंत उभा राहिलेला नाही.

त्यात डॉल्फिनांचे शो करायचाही विचार होता. तो मे २०१३ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या परिपत्रकाने संपला. देशात डॉल्फिनेरियमला परवानगी द्यायची नाही असं त्यांनी राज्यांना कळवलं आणि डॉल्फिन इतके बुद्धिमान की त्यांना मानवेतर व्यक्ती समजायला हवं, असंही त्यात लिहिलं. त्याआधी चेन्नईजवळ एकदा परदेशातून डॉल्फिन आणून शो केला होता, ते काही महिन्यांतच मेले.

मला नेहमी वाटतं, आमच्याकडे टाकीची गरजच काय? कर्लीच्या मुखाशी, संगमावर, ऑक्टोबरपासून डॉल्फिन रोज येतात. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायला घेतली की बांगड्यामागून पार किनाऱ्यापर्यंत. मी बोट चालवतो. गिऱ्हाईक म्हणतं जवळ घ्या, अजून जवळ घ्या. सात-आठ बोटी एकाच कळपाला घेरतात, पिल्लू मध्ये सापडतं. हेही बरोबर नाही, तेही लिहितो. बाबा बोटीवर असले की मागून हाक यायची, "इंजिन बंद कर रे, तेंका तरास नको." इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबलं की ते आपणहून येतात. आधी श्वास ऐकू येतो, मग पाठ दिसते. त्या दहा मिनिटांत गिऱ्हाईक कुरकुरतं. आल्यावर कोणी बोलत नाही.

आमच्यातल्या काही जणांनी ठरवलंय की एका कळपाजवळ दोनच बोटी आणि इंजिन बंद. सगळे पाळत नाहीत. पण आपल्याकडचं सी वर्ल्ड तेवढंच असावं, असं मला वाटतं.

मुसाफिर_अबुधाबी

देवबागकर, पुढच्या मे महिन्यात गावी येतोय. तुमच्या बोटीचा नंबर व्यक्तिगत निरोपातून कळवा.

सानिकाची_आई

देवबागकरांचा प्रतिसाद मुलीला पाठवला. ती विचारते आहे की बोटीवाल्यांसाठी अंतराचे नियम मराठीत छापून दिले तर उपयोग होईल का. ती लिहून देईल.

देवबागकर

नक्की होईल. पावसाळ्यात बोटी वर काढलेल्या असतात तेव्हा सगळे घरी असतात, तेव्हा द्या. अक्षर मोठं ठेवायला सांगा.

सहलवेडा

मूळ प्रश्न मीच विचारला होता. मग ताई, जावं की नको?

खाडीपल्याड

माझ्यापुरतं सांगते. मी पास चालू ठेवला आहे, कारण कॉर्कीला बघायला जाते आणि पालिकेच्या सभेत बोलायचं तर डोळ्याने पाहिलेलं सांगता यावं लागतं. तुम्ही गेलात तर आधी बचाव केंद्राची बाजू बघा, तिथे आवर्जून प्रश्न विचारा. कर्मचारी मनापासून उत्तरं देतात. तिथल्या कोणालाही दोष देऊ नका, त्यांचा जीव त्या प्राण्यांत आहे.

ऑर्कांकडे गेट उघडल्या उघडल्या जा, शोच्या वेळेला नको. खालच्या काचेपाशी डाव्या कोपऱ्यात उभे राहा, तिथून ती वळते. आणि मुलांना सांगा, हिचं नाव कॉर्की, ही १९६९ पासून टाकीत आहे.

पालिकेला लिहायच्या पत्राचा मसुदा मी दोन दिवसांत याच धाग्यावर टाकते. आकडेमोड, तुम्ही आकडे तपासून द्याल का?

आकडेमोड

देतो. शनिवारपर्यंत टाका.